पुरावे जोडा

तहसीलातून आणलेला मानधनाचा फॉर्म
पेटीच्या झाकणावर ठेवून मी भरतो आहे.
गुरुजी बाजूच्या खाटेवर, पायांवर ऊन घेत.
नाव : डोमा लहानू नाकाडे.
जन्मतारीख?
"लिव्ह, धानकापणीची. माय बांधीतून आली, तवा झालो."

कलेचा प्रकार, एका शब्दात.
एका शब्दात कसं सांगू, जी?
सतराव्या वर्षी ते राणी होते.
चाल बसावी म्हणून बोडीवरून पाणी आणायचे,
डोक्यावर दोन गुंड,
आणि काठावरची एक म्हातारी धुणं थांबवून ओरडायची,
"टाच नोको आपटू. घरी लेकरू निजलं हाये समज."
पुढं मिशी लपेना, म्हणून खलनायक झाले.
आरमोरीच्या बाजारात एका बाईनं वांगी दिली नाहीत,
"काल सुनेले जाळलं न तुमी."
त्या दिवशी नुसत्या वरणावर जेवले
आणि जेवताना मधेच हसत सुटले.

अनुभव, वर्षांत.
आम्ही सीझन मोजतो.
धान निघालं की बांधीतली माती खणायची,
खड्ड्यात माणसं, त्याच मातीचं स्टेज.
मी त्यांचा प्रॉम्प्टर. विंगेत, मांडीवर वही.
एका पटात पहाटे साडेतीनला माझा डोळा लागला.
समोर लेकीचं प्रेत, ते बाप,
आणि पुढचं वाक्य माझ्याजवळ.

ते थांबले.
खांद्यावरचा शेला काढला. घडी घातली.
उलगडली. परत घातली.
दोन हजार माणसं तणसावर, कोणी खोकेना.
ऑर्गनवाल्याचे हात हवेत तसेच.
त्या शांततेनंच मला जाग आली.

रंग पुसता पुसता म्हणाले, "वही आण."
मी गाल पुढं करूनच गेलो.
त्यांनी लाल शाईनं लिहायला लावलं :
इथे प्रॉम्प्टर झोपेल.
आजही त्या नाटकाच्या साऱ्या नकलांत ती ओळ आहे.
नवी पोरं विचारतात, हे काय, सर?
मी सांगतो, लिहिलंय तसं करा.

शिकवले असल्यास संस्थेचे नाव.
दिवसा तिसरीचा वर्ग, पाढे.
संध्याकाळी शाळेमागची बांधी.
रेवता पेंदामचा आवाज पहिल्या रांगेतच विरायचा.
तिला या धुऱ्यावर उभं केलं, स्वतः चौथ्या धुऱ्यावर.
"हाक मार मले. गुरुजी म्हनू नोको.
तुही बकरी नेली मी, असं समज."
आठ दिवस बगळे उडाले फक्त.
नवव्या दिवशी पलीकडच्या टोल्यातून कोणीतरी ओ दिली.
आता वडसाच्या चौकात पोस्टरवर तिचं नाव
नाटकाच्या नावापेक्षा मोठं.

पद भूषविले असल्यास.
मंडळाचे अध्यक्ष, अकरा वर्षं. भूषवलं कसलं,
हिशेबाची वही उशाशी घेऊन झोपायचे.
ठराव एकच लक्षात आहे :
पडद्यामागं बायांसाठी कुडाची खोली, आतून कडी.
नाहीतर नारळ फुटणार नाही.
कोसमटोल्यात खोली नव्हती.
भांडण झालं नाही.
पेट्या परत टेम्पोत चढल्या, भर दहा वाजता,
लोक तणस झटकत बघत राहिले.
पुढच्या साली सरपंचानं
स्वतःच्या घरचं दार काढून तिथं लावलं होतं.

पुरावे जोडा.
कात्रणं उधईनं खाल्ली.
फोटो एकच उरला. बाबू म्हणाला,
"काका, ही तर बाई आहे."
गुरुजी म्हणाले, "हाव. मीच."
त्यानं तो चिमटीत धरून परत दिला.
मग मी वहीचं ते पान फाडून जोडलंय,
लाल ओळीचं. चालतं का, पाहू.

आता सही.
चष्मा लावला. पेन कागदावर टेकवलं
आणि गुरुजी थांबले.
आंगणात कोंबडी, तिच्या पायांचा आवाज.
विसरले, की थांबले आहेत,
तीस सीझन जवळ बसूनही मला कळत नाही.
पुढचा शब्द माझ्याजवळ आहे.
मी जागा आहे.
सांगत नाही.